रात्री दोनला फोन कोण उचलणार?

गोंदियात तिघांनी मिळून सॉफ्टवेअरचं दुकान काढलं, की पहिली दोन भांडणं ठरलेली. पहिलं कंपनीच्या नावावरून. ते लवकर मिटतं, कारण तिघांची आद्याक्षरं घेऊन पुढे 'टेक' नाहीतर 'इन्फो' लावण्यापलीकडे आजवर कोणी गेलेलं नाही. दुसरं सर्व्हरवरून, आणि ते मिटत नाही. एकाने यूट्यूबवर व्याख्यान ऐकलेलं असतं, म्हणून त्याला कुबरनेटीस हवं. दुसऱ्याचा चुलतभाऊ पुण्यात ॲमेझॉनच्या क्लाऊडवर काम करतो, म्हणून त्याला ॲमेझॉन हवं. तिसऱ्याने महिना एकोणसाठ रुपयांची जाहिरात पाहिलेली असते आणि बँकेतलं खातं त्याच्या नावावर असतं, म्हणून त्याच्या मताला वजन असतं. ग्राहक कोण, तर एक राईस मिल, एक मंगल कार्यालय, बारावीच्या शिकवणीचा क्लास, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाबाहेरचं एखादं रिसॉर्ट, झालंच तर एक पतसंस्था. यांच्यापैकी कोणालाही या भांडणात रस नाही. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या होस्टिंगचे दोनच प्रकार: साईट चालू आहे, किंवा "चालूनच नाही राहिली भाऊ". हा निकष अडाणी वाटतो, पण माझ्या मते तिघांच्या तांत्रिक निकषांपेक्षा तोच खरा आहे. छोट्या टीमने होस्टिंग निवडताना यंत्राची ताकद मोजू नये. ते बंद पडल्यावर अंथरुणातून उठणारा माणूस मोजावा. तो टीममध्ये असेल तर वाटेल ते घ्यावं. नसेल, तर तो ज्यांनी पगारावर ठेवलाय त्यांच्याकडे जागा भाड्याने घ्यावी.

ताकदीचा हिशोब आधी संपवून टाकू, कारण तो फारच सोपा आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. राईस मिलची साईट घ्या. तिच्यावर मालकांचा हात जोडलेला फोटो, उसन्या आणि कच्च्या तांदळाचे प्रकार, मिलचा पत्ता आणि एक फॉर्म. जिल्ह्याला धानाचं कोठार म्हणतात, तेव्हा उदार होऊन दिवसाला हजार माणसं ही साईट बघतात असं धरू. दिवसात मिनिटं चौदाशे चाळीस. म्हणजे मिनिटाला एक माणूसही धड येत नाही. आला, तर सर्व्हर त्याला पान वाढून पुढचं मिनिटभर मोकळाच. आणि यासाठी तिघं जण रात्री उशिरापर्यंत जागून, भार वाढला की आपोआप यंत्रं वाढवणारी आणि उतरला की कमी करणारी कुबरनेटीससारखी व्यवस्था उभी करत असतात. ती व्यवस्था चालवायलाच राईस मिलच्या साईटपेक्षा जास्त मेमरी लागते, ही बाब बैठकीत सहसा कोणी काढत नाही. जगभरच्या प्रोग्रॅमरांचे प्रश्न सोडवणारं 'स्टॅक ओव्हरफ्लो' आपल्या भरभराटीच्या काळात डझनभर वेब सर्व्हरांवर चालत होतं, तेही भाड्याच्या क्लाऊडवर नव्हे, स्वतःच्या यंत्रांवर. गोंदियातल्या मंगल कार्यालयाचा पसारा त्याहून मोठा आहे असं कार्यालयाचे मालकही म्हणणार नाहीत. आणि ते पार्किंगबद्दल काय काय म्हणतात ते आपण ऐकलेलं आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप: "आज नाही, पण उद्या वाढलं तर?" महत्त्वाकांक्षेवर हसू नये, पण ती तपासून पाहायला हरकत नाही. कुबरनेटीस २०१४ मध्ये गूगलने जगासाठी खुलं केलं, आणि त्यामागे अगणित यंत्रं एकाच वेळी हाकण्याचा गूगलचा अनुभव होता. गूगलची अडचण आपल्याला व्हायला आधी गूगल व्हावं लागतं. उपाय अगोदर आणून ठेवल्याने अडचण लवकर येते असं नाही. मोठ्यांचंही सगळं चक्रव्यूहात घालून भलं होतं असं नाही. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने २०२३ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की चित्र-आवाजाचा दर्जा तपासणारी आपली यंत्रणा अनेक तुकड्यांतून काढून एकाच ठिकाणी आणल्यावर खर्च नव्वद टक्क्यांनी उतरला. आता दुकान ज्यांचं, त्यांचंही आपल्या दुकानातला माल कमी घेतला तरी चालतं, हे गिऱ्हाइकाने ध्यानात घ्यायला हवं. भार खरंच वाढणारी कामं आपल्याकडे आहेत. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी निकालाची साईट उघडून बघा, म्हणजे भार काय असतो ते कळेल. पण तो दिवस आधी जाहीर होतो आणि ती साईट या तिघांकडे नाही. यांच्याकडे आहे तो शिकवणीचा क्लास, ज्याच्या प्रवेशाची गर्दी जूनमध्ये पंधरा दिवस असते. तेवढ्या दिवसांपुरतं मोठं यंत्र भाड्याने घेऊन नंतर परत करता येतं. क्लाऊडचा खरा उपयोग हाच, आणि त्याला एक बटण पुरतं.

सर्व्हर कुठे असावा, हा प्रश्न तर आता जवळजवळ सुटलेला आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत यंत्रं मांडली, त्याच वर्षी डिजिटलओशनने बंगळुरूत. मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधीच्या वर्षी पुणे, मुंबई, चेन्नई अशी तीन ठिकाणं धरली होती, आणि नाशिकच्या ईएसडीएसचं तर नाशकातच स्वतःचं डेटा सेंटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गोंदिया-मुंबई हजार किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन एका सेकंदाचा शंभरावा भाग. प्रत्यक्षात वाटेतले थांबे धरून त्याच्या तिप्पट-चौपट. ज्या प्रवासाला विदर्भ एक्स्प्रेस रात्र घेते, त्याबद्दल ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. अमेरिकेतला सर्व्हर स्वस्त म्हणून घेतला तर मात्र प्रत्येक फेरीला पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि एका पानाला अशा वीस फेऱ्या लागत असतील तर मिलच्या मालकांचा फोटो डोक्यापासून हात जोडलेल्या भागापर्यंत हळूहळू उमटत राहतो. तेव्हा सर्व्हर भारतात घ्यावा, आणि या विषयावर बैठक बोलावू नये.

खरी टंचाई आहे ती लक्ष देणाऱ्याची. रिकामा सर्व्हर भाड्याने घेणं म्हणजे महिना चार-पाचशे रुपयांत एक जबाबदारी घरी आणणं. सर्व्हरवर प्रणाली बसवायची, नको ते दरवाजे बंद करायचे, दर आठवड्याला येणाऱ्या दुरुस्त्या घालायच्या, डेटाबेस सांभाळायचा, नोंदींनी डिस्क भरून सगळं ठप्प होणार नाही हे बघायचं. साईटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसावं म्हणून लागणारं प्रमाणपत्र पूर्वी पैसे देऊन वर्षा-दोन वर्षांसाठी घेत. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ च्या डिसेंबरपासून ते फुकट वाटायला सुरुवात केली, पण मुदत ठेवली नव्वद दिवस. हेतू असा, की माणसाने ते हाताने करू नये, यंत्राला लावून द्यावं. आपल्याकडे ते एकदा हाताने केलं जातं आणि मोबाईलमध्ये नव्वद दिवसांनंतरचा गजर लावला जातो. नव्वदाव्या दिवशी गजर वाजतो तेव्हा माणूस चुलतभावाच्या लग्नात असतो. हा गजर आणखी जवळ येणार आहे: २०२९ पर्यंत अशा कोणत्याही प्रमाणपत्राची कमाल मुदत सत्तेचाळीस दिवसांवर आणायचं प्रमाणपत्रं देणाऱ्यांनी आणि ब्राउझरवाल्यांनी २०२५ मध्ये ठरवून टाकलं. शिवाय सरकारचं वेगळंच. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यांनुसार घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. सहा तासांत कळवायला घटना आधी आपल्या लक्षात यावी लागते. तिघांच्या टीममध्ये ती बहुधा ग्राहकाच्या भाच्याच्या लक्षात येते, कारण राईस मिलच्या साईटवर अचानक जपानी भाषेत चपला विकल्या जात असतात.

उभारणं आणि राखणं यांतला फरक या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. बहुतेक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. त्या वेळी ना इंजिनिअरिंग कॉलेज होतं ना सिमेंट, तरी पाळ बसली ती बसली. कारण तलाव बांधून झाल्यावर त्याच्याकडे बघणारं कोणीतरी होतं. गाळ कधी काढायचा, सांडवा कुठे फुटतोय, कोणाच्या बांधीला पाणी आधी, हे ठरवणाऱ्याचं स्वतःचं धान त्याच पाण्यावर होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, त्याबद्दल हळहळ नको. पण तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीचं काम कागदावर राहिलं. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि गाळ सगळीकडे. तिघांच्या टीमने उत्साहात उभारलेल्या सर्व्हरचं दुसऱ्या वर्षी हेच होतं. पाळ पक्की असते, फक्त तिकडे कोणी फिरकत नाही. उभारणाऱ्याला दरम्यान हिंजवडीत नोकरी लागलेली असते.

जिल्हा प्रशासनाने स्वतःच्या बाबतीत मात्र हा धडा बरोबर घेतलाय. गोंदिया जिल्ह्याची सरकारी वेबसाइट उघडा, मग शेजारच्या भंडाऱ्याची उघडा, मग पार सिंधुदुर्गाची. वरचं चित्र आणि जिल्हाधिकाऱ्यांचं नाव सोडलं तर ठेवण तीच. रसिकाला हे कंटाळवाणं वाटेल. पण यामागे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, 'एसथ्रीवास' नावाची सामाईक व्यवस्था आहे. (ॲमेझॉनच्या एसथ्री या सेवेशी तिचं नातं नाही, जसं दोन मेश्रामांचं असेलच असं नाही.) सर्व्हर एनआयसीचा, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यांच्या, साचा त्यांचा, जिल्ह्याने फक्त मजकूर भरायचा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लिपिकाला डेटाबेस कशाशी खातात हे ठाऊक असायची गरज नाही. त्याने निविदेची पीडीएफ चढवायची, आणि ती तिरकी स्कॅन केलेली असेल तर तो दोष क्लाऊडचा नव्हे. सरकारी कामाला हसण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की सरकारने एखादी गोष्ट शहाणपणाने केली तर तिच्याकडे बघायचंच राहून जातं. अख्ख्या जिल्ह्याच्या यंत्रणेने ठरवलं, की सर्व्हर राखणं हे आपलं काम नव्हे. तिघांच्या टीमला मात्र ते कमीपणाचं वाटतं.

कमीपणाचा विषय निघाला, तर पॅनेलबद्दल बोलायलाच हवं. सर्व्हर हाताळायचे दोन मार्ग. एक, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या. दुसरा, पॅनेल घ्यायचं, त्यात चित्रं असतात आणि चित्रांवर टिचकी मारायची असते. पहिल्या मार्गाला प्रतिष्ठा फार. काळ्या पडद्यासमोर बसलेला मुलगा घरच्यांना कामात दिसतो. चित्रांवर टिचक्या मारणारा खेळताना दिसतो. सीपॅनेल १९९६ मध्ये निघालं आणि जगातल्या लहान होस्टिंगचा फार मोठा हिस्सा वर्षानुवर्षं त्याच्यावर चालला, तरी आपण ते वापरतो हे टीमवाले मित्रांत हळू आवाजात सांगतात. माझं मत उलट आहे. तिघांपैकी एकालाच काळा पडदा येत असेल, तर तो एक जण सुटीवर गेला की टीम अपंग. चित्रांचं पॅनेल तिघांनाही येतं, आणि बिकट प्रसंगी फोनवरून ग्राहकाच्या भाच्यालाही समजावता येतं: "डावीकडे बॅकअप लिहिलंय बघ दादा, तिथे जा." टीमच्या दृष्टीने याची किंमत सगळ्या प्रतिष्ठेपेक्षा जास्त आहे. पॅनेलला वाकडा भाग नाही असं नाही. सीपॅनेल २०१८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीकडे गेलं आणि २०१९ च्या जूनमध्ये त्यांनी दर सर्व्हरमागे न लावता खात्यांमागे लावायचं जाहीर केलं. एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांची खाती कोंबून स्वस्तात होस्टिंग विकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. ज्यांची पाच-दहा खाती होती त्यांना फारसं काही झालं नाही. म्हणजे लहान असण्याचा कधीतरी फायदाही होतो. आपली टीम मात्र स्वतःला लहान समजायला तयार नसते, त्यामुळे तो मिळत नाही.

इथे एक आक्षेप असा आहे ज्याला मी खरोखर मान देतो: सगळं दुसऱ्यावर सोपवलं तर मुलं शिकणार कधी? गोंदियासारख्या गावात, जिथे मोठ्या कंपनीत बसून शिकायची सोय नाही, तिथे स्वतःचा सर्व्हर हेच विद्यापीठ. खरं आहे. शिकावंच. काळा पडदाही शिकावा, कुबरनेटीसही शिकावं. पण शिकण्यासाठी स्वतःच्या ब्लॉगचा सर्व्हर घ्यावा, पतसंस्थेचा घेऊ नये. पतसंस्थेच्या ठेवीदारांनी आपल्या शिक्षणाला वर्गणी दिलेली नाही. आणि दुसरं म्हणजे, तयार जागेत राहिल्याने माणूस अज्ञानी राहतो हे काही खरं नाही. ज्याला रोज रात्री डिस्क भरल्याची भीती नसते त्याला दिवसा ग्राहकाचं म्हणणं ऐकायला वेळ मिळतो. मिलवाल्याला साईट नकोच होती. कोणत्या गाडीत किती पोती चढली आणि किती कनकी निघाली हे त्याला मोबाईलवर दिसायला हवं होतं. हे तीन बैठकांनंतर कळलं असतं. पण त्या तीन बैठका सर्व्हरवर गेल्या.

आता सर्वांत जोरदार आक्षेप: मोठ्यांकडे सोपवलं तरी मोठेही आपटतातच की! आपटतात, आणि धडाक्यात आपटतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने बिलांच्या यंत्रणेतले थोडे सर्व्हर काढायची आज्ञा दिली, त्यात टंकलेखनाची चूक झाली आणि भलतेच सर्व्हर निघाले. काही तास निम्मं इंटरनेट लंगडत होतं. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं त्यांचं स्वतःचं पान त्याच बंद पडलेल्या सेवेवर अवलंबून असल्याने ते बराच वेळ सगळं आलबेल दाखवत राहिलं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर अख्खं जळालं. मालकांनी ग्राहकांना कळवलं, की आपापली आपत्कालीन योजना अमलात आणा. ज्यांची योजना म्हणजे त्याच आवारात ठेवलेला बॅकअप होती, त्यांना अमलात आणायला काही उरलं नव्हतं. म्हणून मी 'मोठ्यांवर विश्वास ठेवा' असं म्हणत नाहीये. मी म्हणतोय, की सर्व्हर त्यांच्याकडे द्या आणि वाचलेला वेळ बॅकअपवर घालवा. आणि बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात.

कारण बॅकअप हा असा विषय आहे, ज्यात सगळे आपण केलंय असं मानून चालतात. ३१ जानेवारी २०१७ चा गिटलॅबचा प्रसंग या बाबतीत प्रत्येक टीमने पाठ करावा. गिटलॅब म्हणजे जगभरच्या टीमांचा कोड सांभाळणारी कंपनी. रात्री अकराच्या सुमारास, दिवसभराच्या झटापटीनंतर, त्यांच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, की आपण दुय्यम नव्हे, मुख्य यंत्रावर बसलोय. थांबवलं तोवर तीनशे जीबीपैकी साडेचार उरले होते. ठीक, बॅकअप आहेत. एक-दोन नव्हे, पाच प्रकारचे. एकेक उघडून बघितला. एक वेगळ्या आवृत्तीच्या साधनामुळे कित्येक दिवस गपचूप फसत होता. फसल्याची सूचना देणाऱ्या ईमेल पाठवल्या जात होत्या, पण त्या पोहोचत नव्हत्या. पाचांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही. शेवटी सहा तासांपूर्वी एकाने चाचणीसाठी सहज हाताने घेतलेली एक प्रत सापडली, तीवर कंपनी वाचली. मधल्या सहा तासांचं काम गेलं. कंपनीने डेटा परत चढवायचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि अभियंत्याला नोकरीवरून काढलं नाही. या दोन्ही गोष्टींसाठी गिटलॅबला माझा नमस्कार. पण प्रश्न असा, की जिथे पगारी, जाणती, सगळ्या जगाला सॉफ्टवेअर पुरवणारी माणसं होती, तिथे रात्री अकरा वाजता दमलेल्या डोळ्यांना दोन यंत्रं सारखी दिसली. गोंदियात ती रात्री दोन वाजता वेगळी दिसतील असं समजायला आधार काय? तेव्हा महिन्यातून एकदा, भर दुपारी, चहा पिऊन झाल्यावर, बॅकअप रिकाम्या यंत्रावर चढवून साईट उघडते का हे बघावं. हे काम कोणत्याही साधनाच्या जाहिरातीत नसतं, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

पैशाचंही पाहू, पण थोडक्यात, कारण इथे लोक आधीच हुशार असतात आणि तरी फसतात. महिना एकोणसाठ रुपये हा दर तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास असतो, अठरा टक्के जीएसटी वेगळा, आणि चौथ्या वर्षी जो दर येतो तो वाचून खातं ज्याच्या नावावर आहे तो खाली बसतो. 'अमर्याद' या शब्दाची मर्यादा अटींमध्ये सतराव्या कलमात असते. 'नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के चालू' या हमीचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची परवानगी, आणि त्याहून जास्त बंद पडल्यास भरपाई म्हणजे पुढच्या बिलात काही रुपयांची सूट. मिलवाल्याचा सौदा गेला असेल तर ती सूट त्याला दाखवायला जाऊ नये. परदेशी कंपनीचं डॉलरमधलं बिल कार्डावरून आपोआप कापलं जाईल असं मानणाऱ्यांची गंमत १ ऑक्टोबर २०२१ ला झाली: रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे ठराविक रकमेवरच्या अशा प्रत्येक वसुलीला ओटीपी लागू लागला आणि कित्येक सर्व्हरांची बिलं अडली. पाच हजारांची ती मर्यादा पुढच्या वर्षी पंधरा हजारांवर नेली. रुपयांत बिल देणारी, फोन उचलणारी, हिंदी किंवा मराठीत बोलणारी कंपनी शंभर-दोनशेने महाग असेल तर ती स्वस्त समजावी.

आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न, ज्यावर बैठकीत एक मिनिटही घालवलेलं नसतं: डोमेन कोणाच्या नावावर? हे अब्जाधीशांनाही सुटत नाही. १९९९ च्या नाताळात हॉटमेल अडखळलं, कारण मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पस्तीस डॉलर भरायला विसरलं होतं. एका लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरने ते स्वतःच्या कार्डावरून भरले. गोंदियातल्या मिलसाठी असा परोपकारी लिनक्सवाला हजर असेल याची खात्री नाही. तिथे डोमेन असतं साईट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि ओटीपी जातो त्या मोबाईलवर, जो त्याने नोकरीला जाताना धाकट्या बहिणीला दिला. बहीण आता रायपूरला असते. तेव्हा कोणता क्लाऊड, कोणतं पॅनेल, हे उद्या ठरवलं तरी चालेल. आज मिलच्या मालकांना त्यांच्याच नावाने, त्यांच्याच फोनवर डोमेन करून द्यावं, पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या तिजोरीत ठेवायला सांगावं, आणि रायपूरला फोन लावावा. दुपारी लावावा, सकाळी तिचा दवाखाना असतो.